वही कोणाची, पट्टी कोणाची?

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांची आहे, एम.कॉम. झाले आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर हिशोबाला आहे. मालकांच्या मुलानं सगळा व्यवहार टॅलीवर घ्यायला मला नेमलं. पेढीवरचे दिवाणजी काका साठी ओलांडलेले, थोरल्या मालकांच्या वेळचे. सौद्याचे भाव ते स्वतःच्या वहीत लिहितात आणि वही माझ्याकडे येते थेट संध्याकाळी. तोवर शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी, माझ्या टेबलापुढं उभे. काही विचारलं की सगळ्यांदेखत कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणतात, “तुझ्या डब्याला विचार.” हमालही त्यांच्याच बाजूचे. मालक म्हणतात सांभाळून घे, त्यांचा मुलगा म्हणतो वहीच बंद करून टाक. मी काय करू?

उत्तर : वही बंद करू नकोस आणि नुसतं सांभाळूनही घेऊ नकोस. दोन्ही सल्ले देणाऱ्यांना सोपे आहेत, निस्तरायचं मात्र तुला आहे.

आधी ती वही नीट बघ. त्यात भाव आणि वजन असतंच, पण कडेच्या रिकाम्या जागेत काय लिहिलंय? कुणाला लग्नासाठी उचल दिली, कुठला खरेदीदार पैसे लांबवतो, कुणाचा माल वरून कडक पण आतून ओला निघाला. हळकुंड मोडून आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा आणि मग बोलायचं, ही त्यांची विद्या आहे. ती तुझ्या टॅलीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. आता त्यांच्या जागी उभी राहून बघ. सगळं मशीनमध्ये गेलं की या पेढीला आपली गरज काय, हा प्रश्न त्यांना पडत असणार. वही हातात आहे तोवर संध्याकाळपर्यंत सगळे त्यांच्यासाठी थांबतात.

हा वयाचा दोष आहे असं मला वाटत नाही. मिरज एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कामगार कल्याण अधिकारी होते. तिथं तिशीतला एक स्टोअरकीपर स्टॉकच्या फाइलचा पासवर्ड कुणालाच देत नसे. कारण हेच. ज्याला आपली जागा जाईल असं वाटतं, तो हातातलं काहीतरी धरून ठेवतो, मग ती वही असो की पासवर्ड.

म्हणून पहिलं काम मालकांचं आहे, आणि ते तू त्यांच्याकडून करून घे. दोघांना समोरासमोर बसवून त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं : मालाची प्रत आणि सौदा यात काकांचा शब्द शेवटचा, पट्टी आणि जीएसटीचं बिल यात तुझा. हे तुला एकटीला केबिनमध्ये सांगून उपयोग नाही. हमालांच्याही कानावर गेलं पाहिजे. मुलालाही सांग, “आता वहीची गरज नाही” हे वाक्य पेढीवर पुन्हा उच्चारायचं नाही.

दुसरं, संध्याकाळची वाट बघणं संपव. त्यासाठी काकांना कॉम्प्युटरवर बसवायची गरज नाही. कार्बन घालून लिहायची डुप्लिकेट वही आण. ते नेहमीसारखंच लिहितील, मूळ पान त्यांच्याकडे राहील आणि प्रत्येक सौद्यानंतर खालची प्रत एखादा पोऱ्या तुझ्या टेबलावर आणून देईल. शेतकऱ्याला पट्टी दुपारीच मिळेल. पण त्याआधी, हंगाम भरात असताना काही दिवस तू स्वतः सौद्याला त्यांच्या शेजारी उभी राहा. एसीत बसून आकडे मागणारी पोरगी आणि पोत्यांच्या धुळीत शेजारी उभी राहिलेली पोरगी, यांच्याशी ते सारखं बोलणार नाहीत.

तिसरं, आणि मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं : तुझ्या कामातून त्यांना काय मिळतं ते आधी दाखव. दर शनिवारी येणीबाकीची यादी मराठीत, मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या हातात दे. कुणाकडे किती, किती दिवसांपासून. तुझ्या ईमेलला दाद न देणारा व्यापारी काकांच्या एका फोनवर पैसे पाठवेल. त्या दिवशी डबा तुमच्या दोघांचा होईल.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरचा खरेदीदार आता लॅबचा कागद, कुरकुमिनचा (हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा) टक्का मागतो, फोटो मागतो. ते काम तुझं. नुसत्या रंगावरून टक्का नेमका सांगता येत नाही, हे काकांना पटायला हवं. आणि नमुना वरून काढला असेल तर पोत्याच्या तळाशी काय भरलंय हे लॅबचा कागद सांगत नाही, हे तुला. नमुना कुठल्या पोत्यातून, कसा काढायचा ते त्यांनाच ठरवू दे. आणखी एक विचारून ठेव. 2005 च्या पुरात हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांतली हळद भिजली, 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा पुन्हा शहरात शिरली. पाणी चढायला लागलं की तुमच्या वखारीतली कुठली थप्पी आधी हलवायची, हे काकांना विचार आणि लिहून काढ. पावसाळ्याच्या आत.

“डब्याला विचार” हे मात्र गिळू नकोस. त्याच दिवशी, दोघंच असताना सांग : “काका, चूक असेल तर मला बाजूला घेऊन रागवा. शेतकऱ्यासमोर असं बोललात तर पेढीची पत जाते.” आवाज चढवू नकोस, डोळ्यांत पाणीही आणू नकोस. पेढीची पत हा शब्द त्यांना कळतो. त्यांचं आयुष्य तिच्यातच गेलंय.

प्रश्न : मी 54 वर्षांचा, कुपवाड एमआयडीसीत टर्नर. लेथवर उमर गेली. आता सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं आहे. 24 वर्षांचा डिप्लोमावाला सुपरवायझर मला सगळ्या पोरांपुढं शिकवतो, एकेरी हाक मारतो. शिकायची इच्छा आहे, पण लाज वाटते.

उत्तर : भाऊ, शिकायची इच्छा आहे हे तुम्ही आपणहून लिहिलंत, याचा मला फार आनंद झाला. हाकेचं आजच मिटवा. चहाच्या वेळी सरळ सांगा, “इथं मला सगळे मामा म्हणतात, तुम्हीही म्हणा.” तुम्ही त्याला अहो-जाहो केलंत की त्याच्या तोंडून ‘अरे’ निघणं अवघड होईल. मग पाळी सुरू व्हायच्या आधीची वीस मिनिटं मागून घ्या, पोरं यायच्या आत, मशीनवरच. प्रोग्राम लिहिण्यापासून सुरुवात करू नका. आधी टूल ऑफसेट, म्हणजे हत्यार कुठवर जाईल याचा मशीनमधला आकडा, बदलायला शिका. मायक्रोमीटरवर माप किती चुकलं हे तुम्हाला कळतंच, तेवढाच आकडा स्क्रीनवर भरायचा असतो. बदल्यात त्याला पातळ जॉब चकमध्ये जास्त आवळला की गोलाई कशी बिघडते ते दाखवा, आणि टूल बोथट झाल्याचा आवाज ऐकवा. आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या, त्या स्क्रीनवरचे आकडे बारीक असतात.