थ्रोट लवकर जातो तो कशाने
रायफलला ६.५ क्रीडमूर काडतुसाची नवी बॅरल बसवली आहेस, तर स्वतः काडतुसं भरण्यासाठी पावडर (गोळी ढकलणारी दारू) निवडताना नुसते वेगाचे आकडे बघू नकोस. गोळी जिथे रायफलिंगमध्ये (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये) शिरते तो भाग, म्हणजे थ्रोट, सगळ्यात आधी जातो, आणि मुख्यतः उष्णतेने जातो.

विटावुओरी या कंपनीच्या दोन पावडरींचंच बघ. एन१५० नायट्रोसेल्युलोजची, तर एन५५० मध्ये नायट्रोग्लिसरीनही घातलेलं. दुसरीत ऊर्जा जास्त, म्हणून वेग थोडा वाढतो, पण त्याची किंमत स्टील मोजतं. (एकीचा चार्ज, म्हणजे काडतुसात भरायचं पावडरीचं वजन, दुसरीला कधीही लावायचा नाही.) एच४३५० ही पावडर उगाच लोकप्रिय नाही: सिंगल बेस (फक्त नायट्रोसेल्युलोजची, नायट्रोग्लिसरीन नाही), आणि ऊन-थंडीने फारशी बदलत नाही.

बोअरस्कोप (बॅरलच्या आत बघायची बारीक दुर्बीण) घालून बघ. वापरलेल्या थ्रोटवर उन्हाने भेगाळलेल्या शेतासारखी बारीक जाळी दिसते. कंपॅरेटर या मोजमापाच्या साधनाने त्याच गोळीचं लँड्सपर्यंतचं (रायफलिंगच्या उंचवट्यांपर्यंतचं) अंतर अधूनमधून मोजून वहीत लिही. ते वाढत चाललं म्हणजे थ्रोट पुढे सरकतोय.

पण खरं सांगू? तापलेल्या बॅरलमधून धडाधड फैरी झाडणं पावडरीइतकंच नडतं. मध्ये थांब, बॅरल गार होऊ दे. आणि चार्ज मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याला भिडवू नकोस. ३०० मीटरवरच्या कागदाला ते शेवटचे सेकंदाला ४०-५० फूट वेग कळतही नाहीत.