सुरी ती, पण मेसर दास

सहामाही जवळ आली की नौपाड्यातल्या माझ्या खोलीत एक तक्रार हमखास येते: ‘जर्मन घेतलं खरं, पण लिंगं पाठच होत नाहीत. विषय बदलू का?’

गेल्या वर्षी घोडबंदर रोडवरून एक आई नववीतल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. गणितात उत्तम असलेल्या मुलाला जर्मनच्या चाचणीत 20 पैकी 6 मिळाले होते. “मॅडम, रोज रात्री मी स्वतः घोकून घेते. सकाळी पाटी कोरी!” मुलगा मान खाली घालून बसला होता.

मी वही मागितली. शब्द सुवाच्य अक्षरात, समोर मराठी अर्थ. बूख म्हणजे पुस्तक, गाबेल म्हणजे काटा. पण डेर, डी, दास ही अनुक्रमे पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग दाखवणारी जर्मन उपपदं एकाही शब्दाआधी नव्हती. त्यांची यादी वेगळ्या पानावर, आणि रात्री आई विचारायच्या ती तीच. शब्दाला त्याच्या लिंगापासून तोडून पाठ करणं म्हणजे पत्त्याशिवाय घर शोधणं. मुलाच्या स्मरणशक्तीचा यात काही दोष नव्हता.

मी त्याला विचारलं, “चमचा तो की ती?”

“तो.”

“सुरी?”

“ती.”

“कोणी शिकवलं?”

तो गोंधळला. कोणीच नाही, घरात ऐकलं, बस्स. मराठी मुलाला तीन लिंगं नवी नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मात्र जुळणी करायला जाऊ नये. घर आणि पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी, चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी. पण सूर्य जर्मनमध्ये डी, आणि सुरी, म्हणजे मेसर, दास.

“आणि मुलगी दास कशी?” त्याचा हा राग जुना होता, वर्गात यावरून सगळे हसले होते. मेडशेनमधल्या शेवटच्या ‘शेन’मुळे, मी म्हटलं. तो लहानपणा दाखवणारा प्रत्यय. तो लागला की शब्द दासच होतो.

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “म्हणजे आजी मला लेकरू म्हणते, तसं? ते लेकरू.”

मला इतकं छान सुचलं नसतं.

तिथून काम सोपं झालं. ‘उंग’ने संपणारं नाम डी, अनेकवचनात ‘एन’: त्साइटुंग (वर्तमानपत्र), त्साइटुंगेन. बाकीचे शब्द डेर-डी-दास आणि अनेकवचनासकट एका दमात, मोठ्याने म्हणायचे. दास बूख, डी ब्यूशर. अनेकवचनात सगळ्यांना डीच, हे ऐकून तर तो खुलला. शेवट मात्र बदलतात, कधी बदलतही नाहीत. लेहरर, म्हणजे शिक्षक, एक असो वा दहा, लेहररच. आपला लाडूही तसाच. रोज पाचच शब्द, आणि रात्रीची उलटतपासणी बंद. ही शेवटची अट आईंना जड गेली.

विषय बदलला नाही. पुढच्या चाचणीत त्याला 13 मिळाले. कळवायला आईंचा फोन आला. आवाजात आनंद होता, पण दुसरंच वाक्य होतं, “मॅडम, उरलेले 7 कुठे गेले हो?”

मी त्यांना गुरुवारी एकटंच यायला सांगितलं.