विचारा बिनधास्त : जुना कंपाउंड बो ठेवू की नवीन घेऊ?

प्रश्न : काका नमस्कार. मी मूळ देवगडचा, नोकरीसाठी पेनसिल्व्हेनियात असतो, मे महिन्यात आंबे खायला घरी आलोय आणि आईकडे तुमचं सदर वाचलं म्हणून विचारतोय. तिकडे ऑफिसातल्या एका सीनियरने रिटायर होताना मला त्याचा कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) दिला, 2006 चा आहे, ओढायला 60 ते 70 पौंड लागणारा, तो माणूस चांगला सहा फुटाच्या वर आणि मी साडेपाच फूट. हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय, लायसन्स काढणार, ऑक्टोबरात आर्चरी सीझन सुरू झाला की पहिल्यांदाच व्हाइटटेल हरणासाठी बसायचंय. दुकानातला पोरगा म्हणतो हा बो भिंतीवर लाव आणि नवीन घे, सेकंदाला 340 फुटाचा स्पीड मिळेल. नवीन बाराशे डॉलरच्या पुढे आहे. पैशाचं एक सोडा, पण बो कमी पडला म्हणून जनावर जखमी होऊन जंगलात मरायला नको, तेवढंच डोक्यात आहे.
— देवगडचा एक वाचक

उत्तर : तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि हे उत्तर मोठं द्यायचं ठरवलं, कारण हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण स्पीडचं विचारतात, जनावराचं कोणी विचारत नाही.

आधी थेट सांगतो. या सीझनला नवीन बो घेऊ नकोस, पण जुना आहे तसाही वापरू नकोस. आणि त्याआधी एक गोष्ट तपासायचीय, तिच्यावरच सगळं अवलंबून आहे, ती म्हणजे ड्रॉ लेंथ, स्ट्रिंग किती लांब ओढली जाते ते माप. कंपाउंड बो साध्या धनुष्यासारखा कितीही ओढता येत नाही, टोकांची चाकं, म्हणजे कॅम, फिरून एका ठरावीक जागी भिंतीसारखा थांबतो, आणि ती जागा तुझ्या हातांच्या मापाची पाहिजे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत इंचात मोज आणि अडीचने भाग. साडेपाच फुटाच्या माणसाचं साधारण साडेसव्वीस ते सत्तावीस इंच येतं, तुझ्या त्या सीनियरचं तीसच्या आसपास असणार. म्हणजे तो बो आत्ता दुसऱ्याच्या मापाच्या चपलेसारखा आहे, चालता येईल पण धावता येणार नाही. ड्रॉ लेंथ जास्त असली की खांदा वर उचलला जातो, स्ट्रिंग बो धरलेल्या हातावर आपटते, डोकं मागे जातं, पीपमधून (स्ट्रिंगमधल्या नेम धरायच्या भोकातून) नीट दिसत नाही, आणि मग माणूस म्हणतो बो जुना आहे म्हणून बाण भरकटतो.

काही बोंमध्ये कॅमवरचं मॉड्यूल (लांबी ठरवणारा सुटा भाग) बदलून किंवा सरकवून लांबी कमी करता येते, काहींना आख्खा कॅमच बदलावा लागतो. लिंबवरचा (बोच्या वाकणाऱ्या पट्टीवरचा) स्टिकर बघ, त्यावर ड्रॉ लेंथ, ड्रॉ वेट (ओढायला लागणारं वजन) आणि स्ट्रिंग-केबलची लांबी लिहिलेली असते, त्याचा फोटो काढून दुकानात दाखव आणि विचार की तुझ्या मापाचं मॉड्यूल मिळतंय का. मिळालं तर बो ठेव. नाही मिळालं तर बो कितीही चांगला असो, तो तुझा नाही, सोडून दे. पण तेव्हाही बाराशे डॉलरचा लेटेस्ट नको, पाचसहा वर्षं जुना, तुझ्या मापात बसणारा सेकंडहँड बघ.

आता स्पीड. बोवर जो आकडा छापलेला असतो तो 70 पौंड, 30 इंच ड्रॉ आणि 350 ग्रेनच्या (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं छोटं एकक) हलक्या बाणावर मोजलेला असतो. तू ओढणार सत्तावीस इंच, साठ पौंड, आणि शिकारीला बाण वापरणार 420 ग्रेनचा वगैरे. एक इंच कमी झाला की साधारण दहा फूट जातात, बाण जड झाला की अजून जातात, पौंड कमी केले की अजून. म्हणजे नव्या बोचा 340 तुझ्या हातात 270 च्या आसपास येणार आणि तुझा 2006 चा 240 च्या आसपास. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण तो हरणाच्या बाबतीत किती कामाचा ते बघू.

ताकद काढायचा हिशोब सोपा आहे. बाणाचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 450240. 420 ग्रेन आणि 240 फूट घातले की जवळपास 54 फूट-पौंड येतात. तिकडे चालणाऱ्या तक्त्यात हरणासाठी 25 ते 41 पुरेसे धरतात, एल्क आणि काळ्या अस्वलासाठी 42 ते 65. म्हणजे तुझा जुना बो हरणाला पुरून उरतो. बाण बरोबर जागी, फुफ्फुसांवर गेला तर आरपार जाईल. बरोबर जागी गेला नाही तर 340 चा बो पण काही करू शकत नाही, पोटात लागलेला बाण हा पोटातच लागलेला असतो.

दुसरी गोष्ट, हरीण उभं राहून वाट बघत नाही. बोचा आवाज ऐकला की पळण्यासाठी आधी ते खाली दबतं आणि बाण वरून जातो किंवा पाठीत लागतो. आवाज सेकंदाला सव्वाअकराशे फुटाच्या आसपास जातो. वीस यार्डावर, म्हणजे साठ फुटांवर, तुझ्या जुन्या बोचा बाण पाव सेकंदात पोचतो, नव्याचा 0.22 सेकंदात, आणि आवाज 0.05 सेकंदात. म्हणजे दोन्ही बो आवाजाशी हरतात, नवा थोडा कमी हरतो इतकंच. चाळीस यार्डावर जुन्याला अर्धा सेकंद लागतो, नव्याला 0.44, आणि तेवढ्या वेळात सावध झालेलं हरीण छातीभर खाली गेलेलं असतं. म्हणून पैसे घालायचे तर बो शांत करण्यात घाल, आणि पहिल्या सीझनला वीस यार्डापलीकडे बाण सोडूच नको. हे मी कळकळीने सांगतोय. हरणाने मान वर करून कान तुझ्याकडे लावले असतील तर वीसवर पण नको.

खर्च कशावर करायचा ते आता. पहिलं स्ट्रिंग आणि केबल, दोन्ही बदलायचे, कारण शेवटचे कधी बदललेत ते तुला माहीत नाही आणि वापरात असलेल्या बोचे दोनतीन वर्षांत बदलावेच लागतात. हे घरी करायचं काम नाही, बो प्रेस (बो दाबून स्ट्रिंग सैल करायचं यंत्र) लागतो, प्रेसशिवाय केबल काढायला गेलास तर लिंब सुटून माणूस जबर जखमी होतो. तिथेच त्यांना कॅमचं टायमिंग (ते बरोबर जुळून फिरतात का) बघायला सांग, ॲक्सल वाकलेत का, कॅमच्या खाचेत कुठे टवका उडालाय का ते पण. लिंब तू स्वतः तपास, कापसाचा बोळा घेऊन कडांवरून हळू फिरव, जिथे धागे अडकतील तिथे चीर आहे. एक जरी चीर सापडली तर विषय संपला, तो बो पुन्हा ओढायचा नाही. तो इतकी वर्षं कुठे ठेवला होता हेही विचार, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या बोचे लिंबचे थर सुटू शकतात.

मग बाण. त्याने दिलेले जुने बाण विसर, त्याच्या तीस इंचाच्या हिशोबाने घेतलेले असणार. बाणाचा कडकपणा तुझ्या ड्रॉ लेंथ आणि वेटला जुळवून सहा चांगले कार्बन बाण घे, आणि प्रत्येक वेळी सोडायच्या आधी वाकवून बघ, चरचर आवाज आला तर मोडून टाक, तडा गेलेला कार्बन बाण हातात घुसतो. ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं पात्यांचं टोक) फिक्स्ड पात्यांचं घे, उघडणाऱ्या पात्यांचं नको, ती उघडायला ताकद खातात आणि तुझ्याकडे 54 आहे, 80 नाही. पाती दाढी होईल इतकी धारदार. सरावाच्या टोकाने आणि ब्रॉडहेडने बाण एकाच जागी जातो का ते सीझनच्या आधी बघ, जात नसेल तर ट्यूनिंग करून घे. ड्रॉप-अवे रेस्ट (बाण सुटताच खाली पडणारा बाणाचा आधार) नसेल तर तो बसवून घे, जुन्या बोवर सगळ्यात जास्त फरक तोच दाखवतो असं माझं मत आहे.

हे सगळं मिळून नव्या बोच्या पाव-तृतीयांश खर्चात होतं. उरलेले पैसे राहू देत, आणि उरलेले चार महिने रोज थोडे बाण मार, बसून मार, जाड जाकीट घालून मार, झाडावरच्या स्टँडवर बसणार असशील तर उंचावरून खाली मार. पौंड सुरुवातीला साठवर ठेव, तेही जड जात असतील तर असाच बो 50-60 च्या लिंबमध्ये बघ, पण आकाशाकडे हात नेऊन ओढावं लागेल इतकं वजन नको. बाण न लावता स्ट्रिंग कधीच सोडायची नाही, मित्राला बघायला दिलास तरी त्याला आधी हे सांग.

एक सांगायचं राहिलं. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनला कंपाउंड बोचं पेटंट 1969 मध्ये मिळालं, त्यानंतरच्या पहिल्या पिढीतला, स्टीलच्या केबलचा, ओढल्यावर निम्मंच वजन कमी होणारा बो तुझ्याकडे असता तर मी पण तुला दुकानातल्या पोरासारखंच भिंतीवर लाव म्हटलं असतं. 2006 चा तसा नाही. त्या काळातले बरेच बो 75-80 टक्के वजन सोडतात, साठ पौंड ओढून धरताना हातात बारा-पंधराच राहतात.

प्रश्न : आमच्याकडे भाताक नि सुरणाक डुकरां ठेवनत नाय, रात्री येतत नि सगळां उकरून टाकतत. बंदूक नको, आवाज होता. मुंबईच्या मेव्हण्याकडे असो एक कंपाउंड बो आसा. तो आणून एक-दोन मारले तर चालात काय?
— कुडाळ तालुक्यातून

उत्तर : नाही हो, चालणार नाही. वर देवगडच्या पोराला जे सांगितलं ते अमेरिकेतल्या परवान्याचं आणि सीझनचं, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि त्या कायद्यात हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलाय. मारायचा प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्या कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. पीक खाणाऱ्या डुकराला मारायची परवानगी द्यायचा अधिकार वनखात्याच्या ठरलेल्या अधिकाऱ्यांकडे आहे, ती लेखी असते, तोंडी कोणी हो म्हणालं तर त्यावर जाऊ नका.

तुमचं नुकसान खरं आहे आणि वर्षभराचं भात एका रात्रीत गेलं की काय होतं ते कोकणात कोणाला सांगायला नको. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज टाका. कुंपण करायचं तर सौर झटक्याचं करा, घरच्या लाइटची वायर थेट सोडू नका, त्यात माणसं मरतात. आणि फासे तर अजिबात लावू नका, डुकरासाठी लावलेल्या फाशात रत्नागिरी-सिंधुदुर्ग या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बिबटे अडकलेत.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची, रत्नागिरीत तिरंदाजी शिकते. ओळखीतून जुना शिकारीचा कंपाउंड बो स्वस्तात मिळतोय. स्पर्धेला चालेल का?
— एक पालक

उत्तर : शिकायला चालू शकेल, स्पर्धेला अडचण येईल. जागतिक नियमात कंपाउंडला कमाल साठ पौंड चालतात, 60-70 वाला बो असेल तर तो खाली आणूनही मुलीला जडच जाणार. स्पर्धेत पन्नास मीटरवर 80 सेंटिमीटरच्या लक्ष्यावर मारायचं असतं, तिथे लांब बो जास्त स्थिर राहतो, आणि हल्लीचे शिकारीचे बो झाडावर बसून वापरायला आखूड केलेले असतात. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली, नागपूरचा ओजस देवतळे त्याच स्पर्धेत पुरुषांमध्ये, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आली आहे, तेव्हा मुलीला आवड असेल तर पैसे तिच्या मापात घाला. तीस-चाळीस पौंडांचा, ड्रॉ लेंथ वाढवता येणारा बो घ्या.

पावसाळ्यात आपल्या हवेत ॲक्सल आणि स्क्रू गंजतात, महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून किंचित तेल लावा, स्ट्रिंगला वॅक्स लावा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि दर सहा महिन्यांनी तिचे हात पुन्हा मोजा, या वयात माप पटकन बदलतं.