दोन वर्षं मान दुखतेय आणि एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' आलंय. ऑपरेशन लागेल का?

तुम्ही लिहिलंय: वय 38, कोथरूड ते हिंजवडी रोज स्कूटर, दिवसभर लॅपटॉप, दुखणं मानेपासून उजव्या खवाट्यापर्यंत, हाताला मुंग्या नाहीत, सी5-सी6 ला बल्ज (म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली). मानेचा पट्टा, दहा दिवस शेकाचं मशीन आणि गोळ्या, सगळं करून झालंय. एवढ्यावर ऑपरेशनचा विषयच निघत नाही.

आधी त्या रिपोर्टची भीती घालवा. जपानमध्ये मान अजिबात न दुखणाऱ्या 1,211 जणांचे एमआरआय काढले होते (2015 साली छापून आलं), त्यात 87.6 टक्के लोकांना बल्ज निघालं. विशीतल्या पोरांनासुद्धा. त्यामुळे 'मणका दबलाय, गॅप पडलीय' ऐकून हातपाय गाळू नका.

घाबरायचं कशाला, तेही सांगतो. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, किल्ली किंवा नाणी हातातून निसटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. घरी करण्यासारखी एक तपासणी आहे: 10 सेकंदांत मूठ पूर्ण उघडायची-मिटायची. 20 पेक्षा कमी वेळा झाली, तर मज्जारज्जू दाबला जात असल्याची शंका घेतात. मग स्पाइन सर्जनकडे लगेच जायचं. अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप, वजन उतरणं, हाताची ताकद कमी होत जाणं, यातलं काही असेल तरीही थांबू नका.

आता उपचार. मशीनच्या शेकाने बरं वाटतं, पण तेवढ्यापुरतंच. पट्टा महिनोन्महिने लावला की मानेचे स्नायू आणखी ढिले पडतात. दोन्हींत स्नायूला काम काहीच नाही, गोम तिथे आहे. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, जुनी मानदुखी असलेल्या 180 बायकांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात (2003) मान-खांद्याची ताकद वाढवणारे व्यायाम नुसत्या स्ट्रेचिंगपेक्षा बरेच सरस ठरले.

सुरुवात अशी करा. पाठीवर झोपा, डोक्याखाली घडी घातलेला पातळ टॉवेल. कुणाला हळूच 'हो' म्हणावं तेवढीच हनुवटी आत घ्या. डोकं टॉवेलवरून उचलायचं नाही. 5 सेकंद धरा, सोडा, 10 वेळा. जमलं की 10 सेकंदांवर न्या. चुकतं कुठे? लोक जोर लावतात. गळ्यापुढच्या दोन जाड शिरांसारख्या पट्ट्या उठून दिसल्या, किंवा दात आवळले गेले, तर आतले स्नायू बाजूलाच राहिले आणि बाहेरचेच राबले. दोन बोटं गळ्यावर ठेवून बघा, तिथं मऊच लागायला हवं.

दोन आठवड्यांनी तळहात कपाळावर, मग बाजूला, मग डोक्यामागे ठेवून डोकं न हलवता हलका दाब द्या, प्रत्येकी 10 सेकंद, 5 वेळा. त्यासोबत दाराच्या कडीला रबरी बँड अडकवून कोपरं मागे ओढायची, 12 चे 3 सेट, एक दिवसाआड. खवाटे बळकट झाल्याशिवाय मानेवरचा भार उतरत नाही. व्यायामाने थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत शमलं, तर चालेल. कळ हातात उतरली तर तो व्यायाम बंद. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर, कीबोर्ड वेगळा, अर्ध्या तासाने उठणं. कुशीवर झोपत असाल तर उशी मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या अंतराइतकी उंच.

स्कूटरवर मान दुखते म्हणून हेल्मेट काढू नका. हलकं आणि नीट बसणारं घ्या. लॅपटॉपची बॅग एका खांद्याला लटकवण्यापेक्षा पायाशी ठेवा. फोन कानाखांद्यात दाबून गाडी चालवणाऱ्यांना काय सांगणार!

वेदनाशामक गोळ्या चार-पाच दिवस ठीक. महिनोन्महिने घेतल्या तर पोट आणि किडनी दोन्हीला त्रास. प्रीगाबॅलिन हे औषध हातात उतरणाऱ्या नसेच्या कळेसाठी असतं, तुमच्यासाठी नाही. त्याने गुंगी येते, आणि तुम्हाला रोज स्कूटर चालवायची असते. बी12 ची इंजेक्शनं रक्तात कमतरता निघाली तरच.

सलूनमध्ये मालिश झाल्यावर 'कट्' आवाज काढून मान मोडतात, ते मात्र आजपासून बंद. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची उदाहरणं आहेत. क्वचितच होतं, पण झालं तर पक्षाघात होऊ शकतो.

ऑपरेशनचा विचार केव्हा? ताकद कमी होत गेली, मज्जारज्जूवर दाब आला, किंवा हातातली असह्य कळ दीड-दोन महिने उपचार करूनही हटली नाही, तेव्हा. नुसत्या मानदुखीसाठी कुणी लगेच तारीख देत असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. आणि खासगी फिजिओ परवडत नसेल तर पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढा. तिथं मशीन मागू नका; व्यायाम करून दाखवा आणि चुकतंय का ते विचारा.