चित्रं काढता येत नाहीत, सनावळ्या पाठ होत नाहीत. तरी शाळेत कलेचा इतिहास घ्यावा का?

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय निवडायचेत, कलेचा इतिहास खुणावतोय, पण चित्रकला जेमतेम आणि सनावळ्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून अडलंय असं तू लिहिलं आहेस. वयाने लहान आहेस म्हणून एकेरीत लिहिते. विषय जरूर घे. तुझ्या वयात मी तो घेतला होता आणि शाळेत शिकलेल्या सगळ्या विषयांत तोच आजही रोज उपयोगी पडतो.

आधी चित्रकलेचं. या विषयाला हातापेक्षा नजर जास्त लागते. तरी आमच्या बाई पहिल्याच तासाला पेन्सिल हातात घ्यायला लावायच्या. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रचंड लाट तू पाहिली असशीलच. पुस्तकातली माहिती झाकून बाईंनी ती नुसती रेखाटायला सांगितली. मी लाट काढली आणि तिच्याखाली आले तेव्हा दिसलं, की तिथे होड्या आहेत. एक नाही, तीन. होड्यांत माणसं आहेत, वल्ह्यांवर ओणवी झालेली, एकमेकांना चिकटून. मागे जो छोटा त्रिकोण मी आणखी एक लाट समजून काढला होता, तो फुजी पर्वत निघाला आणि वरून उडणारा फेस त्याच्यावर बर्फ पडावा तसा पडत होता. कितीतरी वेळा पाहिलेल्या चित्रातली माणसं मला तोवर दिसलीच नव्हती. रेखाटन कसं आलं हे बाईंनी विचारलंही नाही. रेघ ओढायची म्हणजे तिथे बघावंच लागतं, त्यांना तेवढंच हवं होतं.

आता सनावळ्या. हे चित्र, म्हणजे लाकडी ठशांवरून कागदावर काढलेला छाप, साधारण १८३१ चं. नुसता आकडा घोकलास तर आठवड्यात विसरशील. त्याऐवजी त्यातला गडद निळा बघ. तो प्रशियन ब्लू, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला. जपानमधल्या छापखान्यांना तो सढळ हाताने वापरण्याइतका स्वस्त झाला १८३० च्या आसपास. म्हणजे वीस वर्षं आधी या निळ्यात असा छाप काढणं परवडलंच नसतं. पुढे असेच जपानी छाप युरोपात पोचले आणि १८८७ मध्ये व्हॅन गॉगने हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचे छाप समोर ठेवून तैलरंगात चित्रं केली. रंग, व्यापार, छपाई, प्रवास असा धागा हाती लागला की सन आपोआप त्यात ओवला जातो. मी परीक्षेत सन असेच आठवायचे, कशामुळे काय झालं या क्रमाने.

एका गोष्टीची मात्र आतापासून सवय लाव: मापं वाचायची. पुस्तकात आणि पडद्यावर सगळी चित्रं एकाच आकाराची दिसतात, आणि त्याने फार फसायला होतं. होकुसाईचा तो छाप जेमतेम २५ बाय ३८ सेंटिमीटर आहे, दोन्ही हातांत धरून बघण्याजोगा. पिकासोचं १९३७ चं ‘गेर्निका’, स्पेनमधल्या त्याच नावाच्या गावावर झालेल्या बॉम्बहल्ल्यावरचं, जवळपास साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब आहे. आम्ही त्याची लांबी शाळेच्या व्हरांड्यात खडूने आखली होती. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाशी काय चाललंय ते दिसायला मान वळवावी लागायची. बॉम्बहल्ल्यावरचं चित्र इतकं मोठं का, हे मग कुणाला समजवावं लागलं नाही.

परीक्षेत बहुतेक वेळा दोन कलाकृतींची तुलना विचारतात. तिथे ‘अप्रतिम’, ‘भावपूर्ण’ असली विशेषणं लिहू नकोस. उजेड कुठून येतोय, पाठमोरं कोण आहे, आपली नजर शेवटी कुठे जाऊन थांबते, हे लिही. अर्थ त्यानंतर. अभ्यासक्रमात युरोपचा भरणा जास्त असला (बऱ्याचदा असतो आणि ते मला खटकतं), तर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी (हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, भिंतीवर रंगवलेला) आपला आपण अभ्यासायला घे. तिथे चित्रकाराचं नावच ठाऊक नाही. त्यामुळे ‘चित्रकाराचं आयुष्य’ हा नेहमीचा आधार जातो आणि प्रश्न भिंतीलाच विचारावे लागतात.

नोकरीचं म्हणशील तर संग्रहालय, कलावस्तूंचं जतन, वास्तुकला, प्रकाशन अशा बऱ्याच वाटा आहेत, पण शाळेत त्याचा हिशेब मांडायची घाई नको.

विषय झेपेल का, हे या आठवड्यात घरबसल्या बघता येईल. यान व्हॅन आइकचं १४३४ चं, एका खोलीत उभ्या असलेल्या जोडप्याचं चित्र शोध. ‘आर्नोल्फिनी’ नावाने सापडेल, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. फोन लांब ठेव, त्याबद्दल काही वाचू नकोस, वीस मिनिटं फक्त बघ आणि दिसेल ते लिहून काढ. मागच्या भिंतीवर एक गोल आरसा आहे, त्यात काय दिसतं आणि त्याच्या वर काय लिहिलंय ते मी मुद्दाम सांगत नाही. वीस मिनिटं संपल्यावरही बघत राहावंसं वाटलं, तर फॉर्मवर या विषयापुढे खूण कर.