खिशातला चाकू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नवी पेठेतून तीनशे रुपयांना घडीचा चाकू घेतला. दोन महिन्यांत पातं डुलायला लागलं आणि आता टोमॅटोही चेंगरतो. रोजचं काम म्हणजे फळं, सुतळी, पार्सल, कधीमधी वायरचं आवरण सोलणं. हजार-बाराशेत टिकणारा चाकू कसा ओळखावा?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी पैशांची वाटणी करा. बाराशेतले नऊशे चाकूला आणि तीनशे धार लावायच्या दगडाला. दगड घरात नसेल तर भारीतला चाकूसुद्धा सहा महिन्यांत तुमच्या तीनशेवाल्याच्या रांगेत जाऊन बसतो.

दुकानात पहिली नजर पात्याच्या बुडाशी टाका, जिथे ते मुठीत शिरतं. तिथे किंवा खोक्यावर स्टीलचं नाव असायला हवं. नुसतं 'स्टेनलेस' किंवा 'सर्जिकल स्टील' लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. चिनी स्टीलची नावं मात्र एकदा वाचायला शिकलं की फार सोयीची आहेत. '८सीआर१३' यातला ८ म्हणजे साधारण ०.८ टक्के कार्बन आणि १३ म्हणजे साधारण १३ टक्के क्रोमियम. कार्बनमुळे पातं कडक होतं आणि धार धरतं, क्रोमियम गंज थोपवतं. ३सीआर१३ मध्ये कार्बन जेमतेम ०.३ टक्के, त्यामुळे ते गंजत नाही पण धार चार दिवसांत बसते. तुमचा जुना चाकू बहुधा याच जातीचा असणार. ५सीआर१५ चालण्याजोगं, ८सीआर१३ तुमच्या कामाला उत्तम. '४४०' असेल तर पुढे अक्षर शोधा. ४४०सी मध्ये कार्बन १ टक्क्याच्या आसपास असतो, ४४०ए मध्ये त्याहून बराच कमी. अक्षरच नसेल तर ए धरून चाला. अलीकडे स्वस्त चाकूंवरही 'डी-२' दिसतं. त्याची धार खरोखर टिकते, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलेलं असल्याने ते पूर्ण स्टेनलेस नाही, आणि साध्या दगडावर घासताना मनगट दुखतं. पहिल्या चाकूला ते नको.

स्टील चांगलं पण पाणी (म्हणजे तापवून थंड करत कडक करणं) नीट दिलेलं नाही, असंही होतं. कडकपणा रॉकवेल या मापात ५६ ते ५८ असा छापलेला असेल तर बरं. जास्त म्हणजे चांगलं, असं समजू नका. व्हिक्टोरिनॉक्स ही स्विस कंपनी आपली पाती मुद्दाम ५५-५६ च्या घरात ठेवते. अशी धार लवकर जाते, पण चिनी मातीच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर दहा हात मारले की परत येते. शिवाय ताण पडला तर पातं तुटण्याऐवजी वाकतं.

दुसरी गोष्ट सांधा. तुमच्या यादीतल्या कामांना लॉक लागतच नाही. मुठीच्या पाठीतल्या पट्टीच्या स्प्रिंगवर उघडणारा, रिवेट मारलेला साधा घडीचा चाकू पुरतो. त्यात बिघडायला कमी असतं. लॉक हवाच असेल तर मुठीतली पातळ पत्री सरकून पात्यामागे अडकते तो लायनर लॉक सगळीकडे मिळतो. नव्या चाकूत ही पत्री पात्याच्या बुडाच्या जाडीचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग धरते का ते बघा. नवा असतानाच ती पार पलीकडच्या टोकाला गेली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. अगदी कडेवर टेकत असेल तर दाबाखाली सटकेल आणि पातं बोटांवर मिटेल.

मग चाकू मिटून वरून बघा. पातं मुठीच्या मधोमध बसलं पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर धारेला रोज ओरखडा. उघडून, टोक दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलकेच हलवा. नव्या चाकूत जाणवेल इतका खेळ चालणार नाही. शेवटी धार बल्बसमोर धरून सरळ रेषेत बघा. चांगली धार दिसत नाही. बोथट जागा चमकून दिसते.

माप : पातं ६५ ते ८० मिलिमीटर लांब आणि पाठीला २ ते २.५ मिलिमीटर जाड. साडेतीन मिलिमीटरचं पातं हातात भारदस्त वाटतं, पण पेरू कापायला घेतलात की तो कापला न जाता फुटतो. पात्यावर लाटांची 'दमास्कस' नक्षी स्वस्तात दिसली तर ती वरवर कोरलेली असते, कटाईशी तिचा संबंध नाही.

थोडे पैसे वाढवता आले तर फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला ओपिनेल ८ नंबर बघा. पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच लाकडाची, लॉक म्हणजे गळ्याशी फिरणारी कडी, जी १९५५ पासून आहे. पातं पातळ आणि फळाला सुरेख. मात्र लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं. आपल्याकडे पावसाळी हवेत तो आवळेल, एप्रिल-मेमध्ये सैल पडेल. मुठीला जवसाचं कच्चं तेल पातळ हाताने दोनतीनदा चोळा. एक सूचना : ते तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं पसरून बाहेर वाळवा.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या पॅकिंगला आहे. दिवसाला शंभरावर खोकी आणि पट्ट्या कापायच्या असतात. कोणता चाकू चांगला?
– एक कामगार

उत्तर : चाकू नकोच. १८ मिलिमीटर रुंद पात्याचा, टोक मोडून पुढे सरकवायचा कटर घ्या. ९ मिलिमीटरचा कागदासाठी असतो, पट्टीच्या ताणाला त्याचं पातं तुटून उडतं. पुठ्ठ्यात बारीक खनिज भुकटी आणि धूळ असते, त्यामुळे कुठल्याही स्टीलची धार त्यात लवकर मरते. कटरचा एक तुकडा मोडला की नवी धार, चाकूला रोज दगडावर बसावं लागेल. पातं दोन तुकड्यांहून जास्त बाहेर काढू नका. प्लास्टिकची ताणलेली पट्टी कापताना चेहरा तिच्या रेषेत ठेवू नका, आणि मोडलेले तुकडे झाकणाच्या डब्यात टाका. कचऱ्याच्या पोत्यात टाकले तर दुसऱ्याच्या हातात घुसतात.

प्रश्न : डाळिंबाच्या बागेत (तालुका सांगोला) खिशातलाच चाकू वापरतो. तेल्या रोग पसरू नये म्हणून तो हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात बुडवायला लागल्यापासून तो सांध्यात गंजून अडकतो. स्टेनलेस आहे म्हणून घेतला होता.
– एक बागायतदार

उत्तर : स्टेनलेस म्हणजे डाग कमी पडणारं, एवढंच. सोडियम हायपोक्लोराइट आणि त्यातला क्लोराइड हे स्टेनलेसचे खास वैरी. पृष्ठभागावरचा क्रोमियमचा अदृश्य थर ते जागोजागी फोडतात आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. घडीच्या चाकूत द्रावण सांध्यात शिरतं, तिथे हवा खेळत नाही, पुसताही येत नाही. दोन दिवसांनी चाकू उघडला नाही तर नवल नाही.

म्हणून झाडाला लागणारं आणि खिशात राहणारं हत्यार वेगळं करा. छाटणीला सिकेटर (छाटणीची कात्री), कलमाला किंवा साल काढायला घडी नसलेला, अखंड पात्याचा कलमाचा चाकू. तोच बुडवा. द्रावणाचं प्रमाण केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या वेळापत्रकातून घ्या, अंदाजाने जास्त ओतल्याने गंज मात्र नक्की वाढतो. काम संपलं की साध्या पाण्याने धुवा, कोरडं पुसा, तेलाचा हात फिरवा. बोअरचं पाणी जड असेल तर ते पात्यावर वाळू देऊ नका.

तुमच्या अडकलेल्या चाकूला रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, मग हळूहळू उघडा. पक्कड लावलीत तर पातं वाकेल. वरचा गंज हिरव्या घासणीने पात्याच्या लांबीच्या दिशेने काढा. खड्डे धारेवरच पडले असतील तर तेवढी धार दगडावर झिजवावीच लागते.

साध्या कार्बन स्टीलचा चाकू असेल तर डाळिंबाच्या सालीने पातं काळं पडतं. सालीतलं टॅनिन आणि लोखंड यांची ती जुन्या शाईसारखी क्रिया आहे. हा काळेपणा काढायची गरज नाही, थोडासा बचावच होतो. नारिंगी-तपकिरी दिसलं तर तो गंज.

प्रश्न : धारवाल्याकडे दिलं की ठिणग्या उडतात, धार येते, पण आठवड्यात जाते. घरी कशी लावावी?
– एक वाचक, बाळे

उत्तर : फिरत्या चाकावर धारेची पातळ कड क्षणात तापते. स्टीलला शेवटचा ताव (कडक केल्यावर पुन्हा बेताने तापवणं) बहुतेक दीडशे ते सव्वादोनशे अंशांदरम्यान दिलेला असतो. त्याच्या वर तापलं की तेवढी कड मऊ पडते. धारेवर निळी-जांभळी झाक दिसली तर तो भाग गेला, ते रंग संपेपर्यंत पातं झिजवावं लागेल. पाणी टाकत, सावकाश फिरवणारा धारवाला असेल तर खुशाल द्या.

घरी करायचं तर हार्डवेअरच्या दुकानातला एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने बारीक असा सहा ते आठ इंची दगड पुरे. दहा मिनिटं पाण्यात ठेवा आणि ओल्या फडक्यावर मांडा म्हणजे सरकणार नाही. एकदा तेल वापरलंत तर त्या दगडावर पुढे तेलच, पाणी आणि तेल एकत्र नको.

सगळी मेख कोनात आहे. प्रत्येक बाजूला साधारण २० अंश. कोनमापक लागत नाही : पात्याची रुंदी २० मिलिमीटर असेल तर पाठ दगडापासून ७ मिलिमीटर उचला, २५ असेल तर साडेआठ. धारेच्या कडेला मार्कर पेनने काळी रेघ ओढा आणि दोन हात मारून बघा. शाई फक्त वरच्या बाजूने, पाठीकडची पुसली गेली तर पाठ फार खाली आहे. फक्त अगदी टोकाच्या कडेची गेली तर फार वर. पूर्ण पट्टा पुसला गेला की कोन बरोबर.

दगडाचा पातळ पापुद्रा कापून काढतोय अशा रीतीने धार पुढे ठेवून, बुडापासून टोकापर्यंत ओढा. टोकाकडे गोलाई येते तिथे मूठ थोडी उचला, नाहीतर टोक बोथट राहतं. जाड बाजूवर एकाच अंगाने दहा-पंधरा हात मारले की पलीकडच्या अंगाला तारेसारखी खरखरीत कड जाणवते. बोट धारेच्या लांबीने फिरवू नका, पाठीकडून धारेकडे आडवं न्या. ही कड बुडापासून टोकापर्यंत सलग आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच चुकते. घाईने बाजू बदलली जाते, मधला भाग तसाच राहतो, आणि मग जोर लावला जातो. जोराने फक्त कड जाड होते.

दोन्ही बाजूंनी कड आली की बारीक बाजूवर आलटून-पालटून, हलक्या हाताने आठ-दहा हात. शेवटी जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या खरखरीत बाजूवर उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, वीसेक वेळा ओढा. ती तार राहिली तर चाकू पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखा चालतो आणि दुसऱ्या दिवशी बोथट; 'धार आठवड्यात जाते' याचं हेही एक कारण. वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला गेला की थांबा. मधल्या काळात चिनी मातीच्या कपाच्या बुडाला झिलई नसलेली जी कड असते, तिच्यावर चारपाच हात पुरतात.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत, एसटीत चाकू खिशात असला तर पोलीस पकडतात का?
– एक विद्यार्थी

उत्तर : शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्रांत मोडतात, घरगुती व शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. तीन इंची घडीचा चाकू या मापाच्या बराच आत येतो. पण महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, यात्रा, निवडणूक अशा वेळी मनाई आदेश निघतो आणि त्यात चाकू जवळ बाळगण्यावर बंदी घालता येते. तिथे लांबी मोजत बसत नाहीत. यात्रेत, मिरवणुकीत, कोर्टात, कॉलेजात तो घरीच ठेवा. बटण दाबून उसळणारा खटक्याचा चाकू तर घेऊच नका, फळं कापायला होता हे पटवून देणं अवघड जातं. विमानात कुठलाही चाकू फक्त जमा करायच्या बॅगेत.

प्रश्न : चाकू उघडताना करकरतो. घरचं शेंगदाण्याचं तेल सोडलं तर आणखी चिकट झाला.
– एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : खाद्यतेल हवेने घट्ट होऊन डिंकासारखं बसतं, आणि त्यावर माती, सुताचे तंतू चिकटतात. खोबरेल तर थंडीत गोठतंच. सांधा रॉकेलने धुवा, जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनचं तेल एकच थेंब सांध्यावर सोडा. वीस वेळा उघडमीट करा, बाहेर आलेलं पुसून काढा. चाकू खाण्याच्या कामाचा असेल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन वापरा. स्क्रूचा सांधा असेल तर सहा टोकांच्या ताऱ्यासारखा टी-६ किंवा टी-८ टॉर्क्स पाना लागतो. चपट्या स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केला की डोकं गोल होतं आणि मग तो स्क्रू निघत नाही. आवळताना पाव फेऱ्याहून कमी, दर वेळी उघडून बघत.