फोटोच्या धमकीची फिर्याद खानापुरातही देता येते, आणि मराठीतही

प्रश्न : आम्ही कर्नाटकातील खानापूर तालुक्यात राहतो. माझी 14 वर्षांची मुलगी नववीत शिकते. इन्स्टाग्रामवर कोल्हापूरची मुलगी असल्याचे भासवून कोणीतरी तिच्याकडून एक खासगी फोटो मिळवला. आता ती व्यक्ती आणखी फोटो व पैसे मागते, नाहीतर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकण्याची धमकी देते. मुलीने माझ्या मोबाइलवरून 2,000 रुपये पाठवले, तेव्हा हे आम्हाला कळले. तिच्या वडिलांना अकाउंट पुसून विषय मिटवायचा आहे. दिरांनी पुरावा म्हणून फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतला आहे. तक्रार कोल्हापुरात द्यायची की इथे? इथले कागद कन्नडमध्ये असतात, ते आम्हाला वाचता येत नाहीत.

उत्तर : फोटो मुलीने स्वतः पाठवला, म्हणून तिची बाजू कमकुवत होत नाही. 18 वर्षांखालील मुलीच्या संमतीला अशा प्रकरणात कायदा किंमत देत नाही. ती पीडित आहे, आणि घरातही तिला तसेच वागवावे, ही माझी पहिली विनंती आहे.

यापुढे एक रुपयाही पाठवू नका. पैसे मिळाले की असे लोक थांबत नाहीत, मागणी वाढवतात. त्या व्यक्तीशी वाद घालू नका, तिला शोधायलाही जाऊ नका. अकाउंट मात्र पुसू नका, कारण धमकीचे संदेश हाच आपला मुख्य पुरावा आहे. संदेशांचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट, त्या प्रोफाइलचे युजरनेम व लिंक, आणि यूपीआय व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आजच टिपून ठेवा.

आपल्या दिरांच्या मोबाइलमधील प्रतीची मला अधिक काळजी वाटते. त्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही; परंतु बालकाचे असे चित्र बाळगणे वा पसरवणे हाच पोक्सो कायद्याच्या (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा) कलम 15 व माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हा ठरू शकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये याविषयी कडक भूमिका घेतली आहे. पोलिसांना कळवण्यासाठी वा न्यायालयात पुरावा म्हणून ठेवण्याला कलम 15 मध्ये सूट आहे, नातेवाइकांत फिरवण्याला नाही. म्हणून ती प्रत पुढे कोणालाही पाठवू नये, ती त्यांच्याकडे कशी आली हे फिर्यादीतच सांगावे, आणि तिचे काय करायचे ते पोलिसांना विचारूनच करावे.

विषय परस्पर मिटवण्याचा विचार सोडून द्यावा. गुन्हा माहीत असून न कळवणे हेही पोक्सोच्या कलम 19 व 21 खाली शिक्षापात्र आहे. समोरच्याचे कृत्य कलम 11 व 12 खाली लैंगिक छळात बसते, आणि पैशांच्या मागणीमुळे भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली खंडणीही लागू होते.

कोल्हापूरला जाण्याची गरज नाही; ती व्यक्ती खरोखर कोल्हापूरची आहे, हे तरी कोणी पाहिले आहे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर खानापूर पोलीस ठाण्याला घ्यावीच लागते. तिथे टाळाटाळ झाल्यास बेळगाव जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवा. पैसे गेले असल्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही लगेच कळवा.

आता भाषेविषयी. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, म्हणून आपला अर्ज स्वच्छ मराठीत लिहून द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी खबर लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कन्नडमध्ये लिहिलेला मजकूर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मागून घ्या. मुलीला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल, तर दुभाषी देण्याची तरतूद पोक्सोच्या कलम 19 मध्येच आहे. सीमाभागात आपले लोक ही मागणी करायला संकोचतात. इथे संकोच करू नका.

मुलीला ठाण्यात बसवून ठेवले जाईल, ही भीती आपल्या पत्रातून जाणवते. पोक्सोच्या कलम 24 नुसार तिचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो, आणि रात्री तिला ठाण्यात थांबवता येत नाही. तिचे नाव वा शाळा वर्तमानपत्रात छापण्यास मनाई आहे.

‘टेक इट डाऊन’ या मोफत सेवेने फोटो मोबाइलमधून बाहेर न जाता त्याची केवळ अंकीय खूण तयार होते, आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या ठिकाणी तो रोखण्यास मदत होते. व्हॉट्सॲपच्या खासगी संदेशांवर मात्र तिचा उपयोग होत नाही, म्हणून फिर्यादीला उशीर नको.

मुलीचा मोबाइल पुरावा म्हणून पोलिसांकडे जाईल. तो शिक्षा म्हणून काढून घेतलेला नाही, हे तिला वडिलांनी स्वतः सांगावे. सांगितल्याची शिक्षा मिळते असे एकदा मुलांच्या मनात बसले, की पुढची धमकी ती घरात बोलतच नाहीत. तिची शाळा एक दिवसही बंद करू नये.

वकिलाच्या खर्चाची चिंता नको. स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळते. त्यासाठी बेळगाव येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा मराठी अर्जही पुरतो.